तिसरी पातळी, पाण्याखाली

हौसेला मोल नसतं म्हणतात.
असतं.
अठ्ठेचाळीस युरो, वर जकात,
वर ओउलूच्या टपाल कचेरीपुढे
उणे बावीसात रांग,
आणि खिडकीमागच्या सिग्नेची ती नजर :
'पुन्हा ओसाकाहून?'

पुन्हा.

थंडीत विनाइल ठिसूळ होतं.
घरी आणल्यावरही दोन तास हात लावायचा नाही.
खोका तसाच खुर्चीवर,
बूट न काढता बसलेल्या पाहुण्यासारखा.
मी बटाटे सोलते, त्याच्याकडे न बघता.

मग सुरी. मग आतलं पाकीट.
हिरवी तबकडी, बाटलीच्या काचेसारखी.
दिव्यापुढे धरली तर पलीकडचं दिसतं :
खिडकी, भिंतीवरचं कॅलेंडर,
खाली आर्वोची बर्फात रुतलेली गाडी,
सगळं बुडालेलं.

आतल्या कागदावर नाव पूर्ण छापलंय, किनुयो हिराबायाशी.
खेळाच्या शेवटी म्हणे नुसतं 'किनू' यायचं.
म्हणे,
कारण शेवटापर्यंत आम्ही कधी पोचलोच नाही.

मिठाच्या खाणीत पाणी शिरतं, ती तिसरी पातळी.
आहती खेळायचा.
माझ्या वाट्याला कंट्रोलर आला नाही कधी,
कान आले.
बाबा रात्रपाळी करून पलीकडच्या खोलीत झोपलेले,
म्हणून आवाज दोनच्या वर न्यायचा नाही.
मी टीव्हीच्या जाळीला कान लावून बसायचे,
केस काचेकडे ओढले जायचे, एकेक, तडतडत.
तिथून पडदा दिसत नसे.
दिसायचा फक्त आहतीचा चेहरा, निळा,
पाणी चढत जायचं तसा
गाल फुगवून श्वास रोखलेला.

चाळीस सेकंदांचं संगीत.
तीन सूर, आणि चौथा नुसता खरखराट.
त्यातूनच ढोल काढायचा, त्यातूनच लाटा,
त्यातूनच मरण.
चाळीस झाले की पुन्हा पहिल्यापासून.
खेळातल्या संगीताला शेवट नसतो,
शेवट असतो तो आपला.
आहतीचा बहुतेक पस्तिसाव्या सेकंदाला.

आता माझ्याकडे एकशे बारा तबकड्या आहेत.
मी एकही खेळ खेळत नाही.
घर बदललं तेव्हा हमाल म्हणाला, 'बाई, विटा आहेत का?'
मी हो म्हटलं. समजावत कोण बसणार?

मार्चमध्ये आहती आला,
दाताच्या डॉक्टरकडे जाता जाता,
अर्धा सामन मासा वर्तमानपत्रात गुंडाळून.
टक्कल पडलंय. गुडघा दुखतो म्हणाला.
मी काही न सांगता सुई टेकवली.
'हे काय, लिफ्टमधलं?' तो हसला,
आणि जकातीबद्दल बोलू लागला, सरकारबद्दल,
केमीच्या रस्त्यावर आडव्या आलेल्या रेनडिअरबद्दल.

त्याचा उजवा अंगठा मात्र
कपाच्या कानावर चालू होता.
दाब, सोड. दाब, दाब, सोड.
त्याला ठाऊक नव्हतं.
सरकारचं वाक्य अर्धं राहिलं.
गाल फुगले.

पस्तीस गेले.
छत्तीस.
चाळीस. पुन्हा पहिल्यापासून.

तबकडीवर ते दोनदाच वाजतं,
मग विरत जातं.
कारखान्यातल्या कुणीतरी बटण हळूहळू खाली ओढलं असणार.
आम्ही दोघं तिथं पहिल्यांदाच पोचलो होतो,
जिथं पाणी नव्हतं, खाण नव्हती,
नुसती सुई चालत होती कोऱ्या खाचेत.

आहतीनं श्वास सोडला.
'कॉफी गार झाली,' म्हणाला.
कप मात्र सोडला नाही.